दयाळू मालकाचं फाटक

आमच्या सरांना रागावलेलं कुणी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून एखाद्याला वाटेल की मला छळवादी मार्गदर्शक मिळाला. तसे मिळतातही. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या मार्गदर्शकांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत जिलब्या वाढल्या आणि वर आहेरही केला. आमचे सर तसले नव्हते. ते कधी आवाज चढवत नसत, कधी हुकूम सोडत नसत. काहीही सांगताना शेवटी 'जबरदस्ती नाही हं' एवढं जोडत. त्या तीन शब्दांनी माझ्याकडून जी कामं करून घेतली, ती कुणाच्या बापाने छडी घेऊन करून घेतली नसती.

मी कर्जतच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. पीएच.डी. नसेल तर बढती नाही, हे नक्की झालं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. विषय घेतला, युरोपीय राजकीय तत्त्वज्ञानातली स्वातंत्र्याची कल्पना. आईला सांगितलं तर तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "कुणाचं स्वातंत्र्य?"

"तसं सगळ्यांचंच."

"मग आधी स्वयंपाकाला बाई ठेव," आई म्हणाली आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

या विषयात आमच्या सरांचं नाव मोठं. युरोपात स्वातंत्र्याविषयी दोन तट आहेत, असं थोडक्यात सांगता येईल. एक तट म्हणतो, तुम्हाला कुणी अडवत नाही ना, मग तुम्ही स्वतंत्र. दुसरा म्हणतो, एवढ्याने भागत नाही. समजा, एक गुलाम आहे आणि त्याचा मालक फार दयाळू आहे. मारत नाही, ओरडत नाही, जाऊ का म्हटलं की जा म्हणतो. तरी तो गुलाम गुलामच. कारण उद्या मालकाची मर्जी फिरली तर तो काहीच करू शकत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो सतत मालकाच्या तोंडाकडे बघत जगतो. सर या दुसऱ्या तटाचे. या दयाळू मालकावर त्यांनी उभा जन्म काढला होता. वर्गात हा भाग शिकवताना त्यांचा गळा दाटून यायचा, असं जुने विद्यार्थी सांगत.

पहिल्या भेटीला मी आराखड्याची फाइल घेऊन विद्यापीठात गेले. सरांनी फाइल उघडली नाही. नावाखालचा पत्ता वाचला आणि चेहरा खुलला.

"तुम्ही कर्जतच्या? मूळच्या?"

"हो सर. तीन पिढ्या."

"वा वा! अहो, खालापूरच्या बाजूला मी नुकतीच थोडी जागा घेतलीय. डोंगराच्या पायथ्याशी. तिकडे बोअर मारणारा कुणी खात्रीचा आहे का हो? जबरदस्ती नाही हं, माहीत असेल तरच."

मला माहीत होता. कर्जतमध्ये तीन पिढ्या काढलेल्या माणसाला बोअरवाला माहीत असतो, वायरमन माहीत असतो, शहाबादी फरशी कुठे बरी मिळते तेही माहीत असतं. त्या दिवशी आराखडा मंजूर झाला. वाचून झाला की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर आमच्या चर्चा सरांच्या जागेवरच व्हायला लागल्या. "निसर्गात विचार मोकळा होतो," असं ते म्हणत. रविवारी सकाळी ते मुंबईहून गाडीने येत. मी स्कूटरवर डबा आणि प्रकरण घेऊन पोचत असे. जोतं झालं तेव्हा पहिलं प्रकरण पास झालं, स्लॅब टाकून झाला तेव्हा दुसरं. तिसरं मात्र खिडक्यांच्या ग्रिलमध्ये अडकलं, कारण खोपोलीचा फॅब्रिकेटर गावाला गेला होता आणि त्याला परत आणणं माझ्याकडे आलं होतं. नर्सरीतून कलमं आणणं, मीटरसाठी वीज मंडळात खेटे घालणं, गवंड्याला फोनवरून समजावणं, हे सगळं मी केलं. सर दर वेळी म्हणत, "तुम्ही किती करता हो! मला संकोच वाटतो." संकोच त्यांना खरंच वाटत असावा. पुढचं काम सांगताना ते खाली बघून सांगत.

जागेवर राखणीला एक ठाकूर मामा होते. शेजारच्याच आदिवासी वाडीतले, पन्नाशीचे, अंगाने काटक. सरांचा त्यांच्यावर फार जीव. "ही माणसं बघा, एकदा आपलं म्हटलं की आपलं म्हणतात," असं ते पाहुण्यांना सांगत. मामा मान खाली घालून पाण्याचा तांब्या पुढे करत. मला दुसऱ्याच महिन्यात कळलं की मामा त्याच रस्त्यावरचे आणखी दोन बंगले राखतात. तिन्ही मालक रविवारचे, तेव्हा वेळा सांभाळताना त्यांची फार धावपळ व्हायची. एकदा पलीकडच्या बंगल्याच्या गच्चीवर ते मला गाद्या वाळत घालताना दिसले.

"मामा, तुम्ही इथंही?"

"बाई, सायबाला बोलू नका," ते वरूनच म्हणाले. "तिघांना बी मी सांगितलंय, सायेब, मी फकस्त तुमचाच हाय. तिघं बी खूश हायत. आपण कशाला कुणाला दुखवायचं?"

मी बोलले नाही. पुढे तर सरांच्या नव्या कोऱ्या ओट्यावर मामांच्या पुतणीची हळद लागली. बुधवार होता. मी मीटरचं काम बघायला गेले तर अंगणात ढोल वाजत होता आणि बायका फेर धरून नाचत होत्या. मामांच्या वहिनीने मला हाताला धरून आत ओढलं आणि गालाला हळद फासली. ही बाई सगळ्या वाडीत आवाजाची म्हणून प्रसिद्ध होती. वाडीतून घातलेली हाक रस्त्यापर्यंत ऐकू जायची. रविवारी सरांनी ओट्यावरचे पिवळे डाग बघून विचारलं, "हे काय हो?" मामा म्हणाले, "फुलांचं हाय सायेब. पराग." सरांनी डागांचा फोटो काढला.

आता वाटेचं सांगते. सरांच्या जागेतून वाडीची जुनी पायवाट जात होती. वाडीतून निघून ओढा ओलांडून ती डांबरी रस्त्याला लागायची. तिथून सहा आसनी रिक्षा मिळायची कर्जतला. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, कोरळ या रानभाज्या, मग करटुली, पुढे काकड्या, असं डोक्यावर घेऊन वाडीतल्या बाया पहाटेच त्या वाटेने निघायच्या आणि कर्जतच्या बाजारात बसायच्या. आमच्या घरी येणारी शेवळं त्यांच्याकडूनच यायची. जागा पहिल्यांदा बघायला सर मला घेऊन गेले, तेव्हा आम्ही दोघं त्याच वाटेने आत शिरलो होतो. दुसरी वाटच नव्हती.

घर उभं राहिलं आणि सरांना कुंपण हवंसं वाटू लागलं. सगळ्यांनाच वाटतं. पण बाकीचे सरळ खांब पुरतात. सरांच्या अभ्यासात ते बसेना. त्यांनी ठरवलं की वाडीशी संवाद करायचा. लोकांवर निर्णय लादायचा नाही, चर्चेतून सहमती घडवायची. यावर युरोपात बरंच लिहून झालेलं आहे आणि सरांनी ते सगळं वाचलेलं होतं. मला सांगितलं, "चहा आणि बिस्किटांचं तेवढं बघाल का? जबरदस्ती नाही."

रविवारी दहा-बारा बाया आणि चारेक बाप्ये ओट्यासमोर येऊन बसले. सर खुर्चीत होते. सुरुवातीलाच म्हणाले, "इथे कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. आपण सगळे समान आहोत." एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं की ते स्वतः खुर्चीत आणि बाकी सगळे जमिनीवर आहेत. ते तत्परतेने उठले आणि खाली मांडी घालून बसले. सरांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. कुंपण का लागतं, जनावरं कशी कलमं खातात, खाजगी आणि सार्वजनिक यांच्यात मेळ कसा घालता येतो, हे त्यांनी तळमळीने समजावलं. मग तोडगा सांगितला. वाटेवर फाटक बसवायचं. फाटकाला कुलूप असेल, किल्ली मामांकडे. पण कुणीही, कधीही मागितलं की ते उघडायचं.

"कुणालाही नाही म्हणायचं नाही, ही मामांना माझी सक्त ताकीद आहे," सर म्हणाले.

वहिनीने बिस्कीट चहात बुडवून खाल्लं आणि विचारलं, "मग कुलूप कशाला?"

"छान प्रश्न आहे," सर म्हणाले.

आमच्या क्षेत्रात प्रश्नाला छान म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही. वाडीला हे ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ उत्तराची वाट बघत बसली. मग चहा संपला आणि सगळे उठले. सरांना मात्र उठता येईना. एक पाय आखडला होता. शेवटी वहिनीने एका बखोटीला आणि आणखी एका बाईने दुसऱ्या बखोटीला धरून त्यांना उभं केलं. सर कळवळत हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? सहमती."

आठवड्याभरात फाटक लागलं. हिरव्या रंगाचं, वर कमान, कमानीवर बोगनवेल. वेल मीच आणली होती.

किल्ली मामांकडे आणि मामा तीन बंगल्यांवर. त्यामुळे पहाटे बाया टोपल्या घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या आणि वहिनी हाका मारायची. मामा कधी दहा मिनिटांनी यायचे, कधी यायचेच नाहीत. मग बाया डोंगराच्या कडेने वळसा घालून जायच्या, तोवर पहिली रिक्षा गेलेली असायची. बाजारात उशिरा पोचलं की बसायला कोपऱ्यातली जागा मिळते आणि शेवळं मऊ पडतात. आईनेच मला एकदा विचारलं, "हल्ली या बाया इतक्या उशिरा का येतात गं?" मी म्हटलं, "सहमती झालीय." आईला ते काही कळलं नाही आणि मीही समजावलं नाही.

रविवारी गिऱ्हाईक उशिरा येतं म्हणून बाया नऊच्या सुमारास निघायच्या, तेव्हा मात्र मामांची गरज नसायची. सर स्वतः उघडायचे. हाक आली की हातातलं पुस्तक उपडं ठेवून, गुडघा धरत, हसत हसत जायचे. "या, या! आज काय घेऊन निघालात? बघू तरी." मग टोपली उतरवायची, वरचं फडकं काढायचं, दाखवायचं. सर प्रत्येक भाजीचं नाव विचारायचे, दोनदा म्हणून बघायचे, फोटो काढायचे. बाया हसऱ्या तोंडाने उभ्या. त्यांतली एक नजर मी ओळखली. सरांच्या तोंडाकडे बघायचं, ते कधी खूश होतायत याचा अंदाज घ्यायचा आणि त्यांचं होईस्तोवर घाई दाखवायची नाही. माझ्या प्रकरणाची पानं सर उलटत असत, तेव्हा मी नेमकी अशीच उभी असायचे.

ती नजर ओळखली त्याच आठवड्यात मी चौथं प्रकरण लिहायला घेतलं. दयाळू मालकाचंच. रोमन गुलाम बाजूला ठेवला आणि फाटक लिहिलं. एक सज्जन जमीनदार आहे, त्याच्या जागेतून गावाची वाट जाते, त्याने तिथे फाटक बसवलंय, मागितलं की ते उघडतं, आजवर कुणाला नकार मिळालेला नाही. तरी ज्यांना रोज मागावं लागतं ते लोक स्वतंत्र आहेत का? अशी तीन पानं. लिहून झाल्यावर छापून पर्समध्ये टाकली. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

रविवारी सरांनी ओट्यावर बसून ती पानं वाचली. माझ्यादेखत, ओळ न् ओळ वाचली. असं प्रथमच घडत होतं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"अप्रतिम! रोमन गुलामापेक्षा सरस. कुठून मिळालं हो हे उदाहरण?"

"इथलंच आहे सर."

"इथलं म्हणजे?"

"म्हणजे... आपल्या या भागातलं."

"हो, खेड्यांत असे लोक असतात खरे," सर हळहळून म्हणाले. "आपण चांगले आहोत या भ्रमात जगतात बिचारे."

तेवढ्यात फाटकाकडून वहिनीची हाक आली. सरांनी माझी पानं काळजीपूर्वक टेबलावर ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर चष्म्याची डबी ठेवली.

"थांबा हं," ते म्हणाले, "जरा उघडून येतो."

मी स्कूटरवरून घरी येताना चौक फाट्यापर्यंत एकटीच हसत होते. नंतर हसू आलं नाही.

सर उन्हाळ्यात युरोपात एका परिषदेला गेले. तिथून विद्यार्थ्यांच्या गटावर फोटो आला. भलंमोठं सभागृह, मागे पडद्यावर हिरवं फाटक, कमानीवर बोगनवेल. खाली लिहिलं होतं, 'पश्चिम घाटातील एक फाटक'. गटातल्या सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मीही टाकली. त्याचा पुढे निबंध झाला, एका वजनदार नियतकालिकात छापून आला. शेवटच्या आभारांत 'विद्यार्थ्यांशी झालेल्या चर्चांचा' उल्लेख होता. अनेकवचनात.

सर तिकडे टाळ्या घेत होते, तेव्हा इकडे वाडीने तहसीलदारांकडे अर्ज केला होता. वाट वहिवाटीची आहे, ती मोकळी करून मिळावी. अर्ज पक्का होता. मामांच्या तिसऱ्या बंगल्याचा मालक वकील होता. रविवारी त्याचे पाय चेपता चेपता मामांनी त्याला सहज विचारून घेतलं होतं, की सायेब, समजा एखाद्याने वाट अडवली तर गरिबाने काय करावं? वकील पाय चेपून घेताना उदार होतो. त्याने कलमासकट सांगितलं. वहिनीने दोन वाड्यांचे अंगठे आणि सह्या गोळा केल्या. फाटकाची किल्ली अजूनही मामांच्याच करगोट्याला होती.

स्थळपाहणीला मंडळ अधिकारी आणि तलाठी आले, त्या दिवशी मी नेमकी तिथे होते. पर्समध्ये पाचवं प्रकरण होतं. सर परतले होते आणि अधिकाऱ्यांना नागरी समाजाविषयी काही सांगत होते. अधिकाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "वाट आधीपासून होती, हे सांगणारं त्रयस्थ कुणी आहे का?"

मामा पुढे झाले. सरळ माझ्याकडे बोट केलं.

"ह्या बाई हायत ना. कर्जतच्या. कुंपणाच्या आधीपास्न येतात. त्यांना इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर हसत होते. वहिनी हसत नव्हती. माझ्या पर्समधल्या प्रकरणावर सरांची सही व्हायची होती, त्याच्या पुढच्यावर व्हायची होती, मग अख्ख्या प्रबंधावर व्हायची होती. त्या क्षणी मला दोन हजार वर्षांची युरोपीय परंपरा एकदम कळली. पुस्तकं वाचून कळली नव्हती इतकी स्वच्छ.

"हो, वाट होती," मी म्हटलं. "जागा बघायला आम्ही पहिल्यांदा आलो ते याच वाटेने. मी आणि सर."

तलाठ्याने जबाब लिहून घेतला. मी सही केली. सर जवळ आले, माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि म्हणाले, "बरोबर केलंत. सत्य सांगायलाच हवं." मग गाडीत बसले आणि मुंबईला गेले.

पुढचे महिने फार वाईट गेले. मी पाचवं प्रकरण पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. आठवण केली, तर नमस्काराचे जोडलेले हात आले. त्या जोडलेल्या हातांवर मी चार दिवस विचार केला. हे नेहमीचे हात आहेत की वेगळे? याआधी ते 'बघतो' असंही लिहायचे, या वेळी का नाही लिहिलं? विद्यापीठातल्या एका ओळखीच्या बाईला विचारलं, सर माझ्याविषयी काही बोलले का? ती म्हणाली, "नाही बाई, काहीच नाही." काहीच नाही म्हणजे काय, यावर आणखी चार दिवस.

एकदा दुपारी जेवताना मला रडूच फुटलं. आई घाबरली.

"काय केलं गं त्याने तुला?"

"काही नाही."

"मग रडतेस कशाला?"

"काही करत नाहीये म्हणून."

आईने तुपाची वाटी पुढे ओढली. मग माझ्या ताटात तूप वाढून म्हणाली, "असलं शिक्षण आमच्या वेळी नव्हतं ते बरं."

शेवटी प्रकरण परत आलं. सरांनी एका ठिकाणी स्वल्पविराम घातला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'उत्तम. उशीर झाला, गुडघ्याचं ऑपरेशन होतं.' म्हणजे त्यांच्या मनात काही नव्हतंच. त्यांनी सूड घेतला नव्हता, घ्यायचा विचारही केला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना फोन करून तीनदा धन्यवाद दिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कशाबद्दल धन्यवाद देतेय. माझं वाईट केलं नाही म्हणून. तेव्हा मात्र असा संताप आला की मी स्कूटर काढून उल्हास नदीच्या पुलापर्यंत उगाचच जाऊन आले.

तहसीलदारांचा आदेश निघणार, अशी कुणकुण लागताच सरांनी स्वतःच फाटक काढवलं. साधं काढवलं नाही, समारंभ केला. नारळ फोडला, लाडू वाटले, छोटं भाषण केलं की सत्ता हाती असताना ती सोडण्यातच माणसाची कसोटी असते. पुढे एका पुरवणीत त्यावर लेखही लिहिला. मामांनी फाटक खांद्यावर घेऊन मागच्या पडवीत नेऊन ठेवलं आणि आठवड्याने ते दुसऱ्या बंगल्याच्या मालकाला बसवून दिलं. त्याचं काय मिळालं ते मी विचारलं नाही. वहिनी लाडू पदरात बांधत मला म्हणाली, "हुशार हाय गं तुमचा सायेब. आर्डर यायच्या आदीच मोकळा झाला."

प्रबंध पूर्ण झाला. सादर करण्याआधी ग्रंथालयात तो एका सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. कुठून उचललं असेल तर ते यंत्र सांगतं. माझ्या प्रबंधात यंत्राला एकच ठिकाण सापडलं. चौथ्या प्रकरणातली तीन पानं लालभडक. एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकातल्या निबंधाशी तंतोतंत साम्य. ग्रंथपालबाई माझ्याकडे दयेने बघत म्हणाल्या, "मॅडम, मार्गदर्शकांचंच उचलायचं, तर निदान संदर्भ तरी द्यायचा."

मी सरांना फोन केला. सगळं नीट सांगितलं. आधी माझं प्रकरण होतं, मग त्यांचा निबंध, तारखा आहेत, मेल आहेत. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, एवढंच ना? तळटीप टाका. माझ्या निबंधाचा संदर्भ द्या. माझी काही हरकत नाही."

"सर, पण ते माझं..."

"खरंच हरकत नाही हो," सर प्रेमाने म्हणाले. "विद्यार्थ्यांनी माझं वापरावं, यात मला आनंदच आहे."

मी तळटीप टाकली. दुसरं काय करणार होते? भांडले असते तर प्रबंध किती वर्षं पडून राहिला असता कोण जाणे. भांडणाऱ्यांच्या गोष्टी आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत, पण त्या सांगणाऱ्यांच्या नावामागे डॉक्टर नसतं. तीन पानं माझी, वाट वाडीची आणि खाली बारीक अक्षरांत सरांचं नाव. पुढे तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, पगारही वाढला. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या प्राध्यापकांनी फाटकाच्या उदाहरणाचं फार कौतुक केलं आणि सरांकडे बघून मान डोलावली. त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

शेवटच्या सहीची दुपार मात्र सांगते. दुरुस्त प्रत घेऊन मी जागेवर गेले. सर ओट्यावर होते. गुडघा नवा, काठी बाजूला. त्यांनी प्रत मांडीवर घेतली, पेन उघडलं, पहिलं पान काढलं. माझे डोळे त्या पेनाच्या टोकावर.

तेवढ्यात वाटेवरून चारपाच बाया आल्या. बाजारातून परतत होत्या, डोक्यावर भाजी विकून झालेल्या टोपल्यांत किराणा. सरांनी सवयीने गाडी पायवाटेवरच सावलीला लावली होती. पुढे वहिनी होती. तिने गाडीच्या बॉनेटवर दोनदा थाप मारली.

"ओ सायेब," ती म्हणाली, "गाडी काढा."

आवाज रागाचा नव्हता आणि विनवणीचाही नव्हता. रस्त्यात म्हैस बसली असती तर तिला हाकलताना काढला असता तसाच.

"हो हो, काढतो, काढतो," म्हणत सरांनी पेन माझ्या हातात दिलं, काठी घेतली, आणि किल्ली शोधायला लागले. किल्ली आत राहिली होती. ती आणायला गेले. बाया उभ्या राहिल्या, पण कुणी टोपली उतरवली नाही, कुणी हसलं नाही. एकीने तेवढ्यात फोन काढून कुणाशी तरी रेशनबद्दल बोलून घेतलं. सर लंगडत आले, गाडी मागे घेतली, चाक कलमात गेलं, पुन्हा पुढे घेतली. बाया निघून गेल्या. वहिनीने जाता जाता माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

सर घाम पुसत परत येऊन बसले. माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. तारीख घालायला विसरले, ती मी घातली.